लोहडीला नेलेलं काळं झबलं

दारावरची बेल दिल्लीत नुसती शोभेला लावतात, असं विनया शेवडेचं या घरातल्या पहिल्याच आठवड्यात पक्कं मत झालं. सकाळी न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बाथरूममधून बाहेर आली, तर स्वयंपाकघरात बीजी उभ्या! बीजी म्हणजे घरमालकीण. एका हातात फ्लॉवरच्या पराठ्यांची ताटली, पराठ्यांवर लोण्याचा हा एवढा गोळा, आणि दुसऱ्या हातानं विनयाचे डबे उघडून बघणं चाललेलं.

"ये क्या है?"

"गोडा मसाला."

बीजींनी डब्याला नाक लावलं. "दवाई है," असा निकाल दिला आणि झाकण लावून टाकलं.

"आप अंदर कैसे..." विनयाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"दूसरी चाबी है ना मेरे पास." यात विचारायचं काय, अशा थाटात बीजी म्हणाल्या. "खा ले, ठंडा हो जाएगा. कितनी सूखी है तू!"

आता बोला! जिनं उभ्या जन्मात सख्ख्या भावाचा फ्रीजसुद्धा विचारल्याशिवाय उघडला नव्हता, तिच्या घरात सकाळी साडेसातला ही अशी धाड. विनया आ वासून उभी राहिली. मग राग गिळला आणि पराठा खाल्ला. पराठा चांगला होता, त्याचाही तिला राग आला.

विनया पुण्याची. वय एक्केचाळीस, शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं. का नाही, तर नाही. आई होती तोवर मायलेकींची एक खोली होती. आई गेली, खोली भाच्याच्या अभ्यासाला गेली आणि विनयाचा मुक्काम हॉलमधल्या दिवाणावर आला. भाऊ अविनाश काही वाईट नव्हता हो, वहिनीही गुणाची. पण सगळ्यांचा टीव्ही बघून होईपर्यंत हिनं झोपायचं नाही, आणि सकाळी दूधवाला यायच्या आत पांघरूण आवरून, जणू रात्री इथे कुणी निजलंच नव्हतं अशी बैठक करून ठेवायची. चार वर्षं तिनं हे केलं. तोंडातून ब्र काढला नाही.

मग दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या एका नव्या शाळेची जाहिरात आली आणि ही बया अर्ज करून मोकळी झाली. घरात सगळे हबकले. "दिल्ली? एकटी? अगं, ती काय आपली माणसं आहेत? परदेशच तो!" वहिनी म्हणाली. अविनाश स्टेशनवर पोचवायला आला. गाडी सुटता सुटता खिडकीशी वाकून म्हणाला, "जा तू. पण काळजी करू नकोस, तुझा दिवाण आम्ही हलवत नाही."

मायेनंच म्हणाला बिचारा. पण तो दिवाण तिथं हॉलमध्ये तिची वाट बघत राहणार, हे तिला काही केल्या विसरता येईना.

त्या वेळची द्वारका म्हणजे अर्धी कागदावर होती. मेट्रोचा पत्ता नाही. एका सेक्टरात बिल्डिंगांची रांग, पुढच्यात कीकरची, म्हणजे बाभळीची झुडपं आणि गाढवं. डोक्यावरून विमान एवढं खालून जाई की वर्गात फळ्यावरचं समीकरण अर्ध्यात थांबवावं लागे. नळाला पाणी नाही, टँकर आला की नोकरदार माणसं टाय लावून बादल्या धरत. पोरं तर काय, "मैम, आप हिंदी में भी मराठी बोलते हो," असं तोंडावर सांगत आणि वर गोड हसत. पहिले काही महिने शाळेनं दिलेल्या एका खोलीत काढले. घर शोधायला निघावं तर जिथे तिथे एकच प्रश्न, "फॅमिली कहाँ है?" एकटीच आहे म्हटलं, की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा जसं काही हिनं पाकीट मारलं.

शेवटी प्रिन्सिपॉलबाईंच्या ओळखीनं बीजी भेटल्या. त्यांचे एकाच सोसायटीत दोन फ्लॅट. तळमजल्यावर बीजी स्वतः, मुलगा विक्रांत आणि सून निधी. चौथ्या मजल्यावरचा रिकामा. बीजींनी विनयाला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लोहड़ी तक रह के देख. जम गया तो तेरा, नहीं जमा तो चाबी वापस."

दिवाळी नुकतीच झाली होती आणि लोहडी, म्हणजे त्यांचा शेकोटीचा सण, जानेवारीत. म्हणजे पहिल्या दिवसापासून डोक्यावर टांगती तलवार.

सामान आणलं त्या दिवशीही एक नवलच झालं. विनयाच्या बोचक्यातून तिची पुणेरी काळी छत्री डोकावत होती. बीजींनी ती दोन बोटांनी उचलली आणि जिन्यात नेऊन ठेवली. "ये अंदर नहीं आएगी." का, ते सांगितलं नाही. विनयाला वाटलं, असेल काही दिल्लीचं शास्त्र. तेव्हापासून छत्री जिन्यातल्या मीटरच्या पेटीला लटकून राहिली.

पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर विनयानं दार लावलं. आतून कडी घातली. मग कडी काढली, दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा कडी घातली. एक्केचाळिसाव्या वर्षी ही बाई रिकाम्या खोलीत दाराशी खेळत बसली होती! मग तिनं मधोमध गादी टाकली आणि दिवे चालू ठेवून, पाय पसरून, आठच्या सुमारासच झोपून गेली. सकाळी उठून पांघरूण मुद्दाम तसंच टाकून शाळेला गेली. तेवढ्यानं तिला दिवसभर हसू येत होतं.

हे घर आपलं व्हायला हवं, एवढंच आता तिच्या मनात होतं. त्यासाठी बीजींचं जे जे असेल ते सोसायचं. डबे उघडा म्हणावं, पराठे घाला म्हणावं. हळूहळू सवय झाली. खरं सांगायचं तर एखाद्या रविवारी किल्लीचा आवाज आला नाही, की हिला चुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि खाली निधीचं बाळ होतं. सप्टेंबरात झालेलं, गोरंगोमटं, बीजी त्याला "काका" म्हणायच्या, पंजाबीत म्हणे बाळाला काकाच म्हणतात. हा आणखी एक धक्का. मुठीएवढं पोर आणि काका! विनया शाळेतून येताना थांबायची, त्याला मांडीवर घ्यायची. बीजी मात्र त्याला डोळ्यांआड होऊ देत नसत. दुसऱ्यानं घेतलं की यांचे हात पुढे आलेलेच.

डिसेंबर सरता सरता बीजींनी सांगितलं, "तेरह को काके की पहली लोहड़ी है. सारे रिश्तेदार आएँगे. तू भी आना, तैयार होके."

पहिली लोहडी! विनयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे आपली पहिली संक्रांतच की ही. थंडी तीच, तीळ तेच, दिवसाचा काय तो फरक. आणि बाळाची पहिली संक्रांत म्हटलं की काय हवं? काळं झबलं! ते दुकानातलं नव्हे. घरातल्या मोठ्या बाईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं, अंगाला न बोचणारं. विनयाची आई गल्लीतल्या प्रत्येक बाळाला असं झबलं शिवून द्यायची. अविनाशच्या मुलाच्या वेळी वहिनीनं दुकानातून आणलं होतं, तेव्हा आई काही बोलली नव्हती, पण जेवली कमी होती.

विनयानं ट्रंकेच्या तळातून आईची चंद्रकळा काढली. आईला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मिळालेली, काळीभोर, वर चांदीचे बारीक ठिपके. आईची एवढी एकच वस्तू हिनं पुण्याहून आणली होती. कात्री हातात धरून ती बराच वेळ बसली. मग आत खोचायच्या टोकाचा एक तुकडा कापला. नेसली तर कळणारही नाही. हातशिलाईनं झबलं शिवलं, गळ्याला पांढरी नाडी लावली. आईसारखी टीप काही पडली नाही, पण झबलं झालं मात्र देखणं. तिळगुळाचे लाडूही वळले. पाकाचा अंदाज थंडीनं चुकला, लाडू दगड झाले, ते जाऊ द्या.

लोहडीच्या संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात मोठी लाकडं रचून पेटवली होती. ढोल वाजत होता. शेंगदाणे, रेवड्या, गजक म्हणून तिळाच्या चिक्कीच्या परातीच्या पराती. दिल्लीतल्याच टिळकनगरहून आलेल्या आत्या, माम्या, सगळ्या लालभडक, पिवळ्याधमक, अंगभर जरी. आणि जिन्यातून उतरली आमची विनयाबाई, काळी साडी नेसून! केसात कुठून तरी पैदा केलेला गजरा, हातात तिळगुळाचा डबा आणि कागदात गुंडाळलेलं झबलं. सणाला काळं नेसली म्हणजे किती बरं दिसलं, असंच तिच्या मनात. बायका जरा बाजूला सरल्या. विनयाला वाटलं, वाट करून देताहेत.

बीजी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर लाल अंगडं घातलेला काका. विनयानं वाकून पुडकं त्यांच्या हातात दिलं. "काके के लिए. मैंने खुद सिया है."

आपल्याकडे दिलेलं पुडकं कुणी देणाऱ्यासमोर उघडत नाही. बीजींनी तिथल्या तिथे कागद फाडला.

काळं कापड बाहेर आलं आणि बीजींचा चेहरा असा झाला, की विनया तो आयुष्यात विसरणार नाही. राग नव्हता तो. भीती होती. त्यांनी बाळाला खसकन निधीकडे दिलं, उठल्या, आणि झबलं सरळ जाळात फेकलं.

ढोलवाला थांबला. कापड एकदम पेटलं नाही; आधी गळ्याची पांढरी नाडी जळाली, मग चांदीचे ठिपके तडतडले.

"काला?" बीजी ओरडल्या. "मेरे बच्चे के लिए काला लाई? और खुद भी काला पहन के आई? सुबह चाबी दे देना मेरी!"

 विनया जाळाकडे बघत उभी होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात तसं काही असतं तर हसून सोडता आलं असतं. इथे आईची साडी जळत होती आणि चाळीस माणसं तिच्याकडे अवदसा बघावी तशी बघत होती. ती वळली आणि जिना चढून वर आली. तिळगुळाचा डबा हातातच राहिला.

मग तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गजरा काढून फेकला, साडी बदलली आणि चादरी, भांडी, वह्या जे हाताला येईल ते ट्रंकेत कोंबायला सुरुवात केली. कसली माणसं ही! परक्यानं आणलेल्या वस्तूचा असा अपमान? काळं चालत नाही तर सांगावं, परत द्यावं, जाळायचं? सकाळी किल्ली तोंडावर टाकायची आणि सांगायचं, माझ्या मेलेल्या आईची साडी जाळलीत तुम्ही. एवढं एक वाक्य तिनं हिंदीत नीट जुळवलं, पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केलं, व्याकरणाची चूक राहू नये म्हणून. मग दिवाणाची आठवण झाली आणि तिला रडू कोसळलं.

सकाळी बेल वाजली. दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच कुणी बेल वाजवली होती. दारात निधी होती, डोळे सुजलेले.

"दीदी, मुझे आपको पहले बताना चाहिए था," असं म्हणून ती तिथेच उंबऱ्यात बसली आणि सांगायला लागली.

काकाच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. दोन वर्षांपूर्वी, ऐन थंडीत. दिवस भरायच्या आत झाला. दवाखान्यातच होता, आणि दवाखान्यातच गेला. घरी आणायच्या वेळी गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून बीजींनी अंगावरची शाल काढली. काळी शाल. सगळी वाट गाडीत त्याला मांडीवर घेऊन बसल्या, आणि घर आलं तरी सोडेनात. त्या दिवसापासून या घरात काळं येत नाही. विक्रांत ऑफिसचा काळा कोटसुद्धा गाडीतच ठेवून येतो.

"सबको पता है, दीदी. बस आपको नहीं था."

विनया भिंतीला टेकली. ती छत्री! दोन महिने जिन्यात लटकत होती आणि आपण म्हणतोय दिल्लीचं शास्त्र. अरे देवा, काय केलं मी हे? त्या बाईच्या मांडीवर, तसल्याच थंडीत, बाळ असताना मी नेऊन काळं कापड ठेवलं!   रात्रभर घोकलेलं ते वाक्य आता बीजींना ऐकवायचं नाही, हे तिनं तिथेच ठरवलं. आईचं आईपाशी राहू दे.

निधी गेली. वीज गेलेली होती, लिफ्ट बंद. किल्ली घेऊन आपणच खाली जावं म्हणून विनया चप्पल शोधत होती, तोच जिन्यात धापा ऐकू आल्या. बीजी. गुडघ्यांनी धड चालता न येणारी बाई कठडा धरधरून चौथ्या मजल्यावर आली होती.

विनयानं घाईघाईनं किल्ली पुढे केली. "बीजी, मुझे मालूम नहीं था. माफ कर दो. मैं आज ही..."

बीजींनी किल्लीकडे बघितलं नाही. दम लागला होता, म्हणून आत येऊन गादीवर टेकल्या. गादीवर चंद्रकळा पसरलेली होती, ट्रंकेत भरायची राहिलेली. काळी साडी दिसताच बीजी दचकून सरकल्या. मग त्यांची नजर टोकाला गेली. तिथे एक चौकोन कापलेला होता.

त्यांनी हात पुढे केला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला आणि ते टोक बोटांत धरलं. आदल्या संध्याकाळी हातात आलेलं कापड त्या हातांनी ओळखलं.

"ये किसकी है?"

विनया ट्रंकेचं झाकण लावायला लागली.

"बोल ना. किसकी है?"

"माँ की."

"वो कहाँ है?"

विनयानं नुसती मान हलवली. कितीही ठरवलं तरी खोटं बोलायला जमलं नाही तिला.

बीजींच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "पागल है तू?" त्या एकदम खेकसल्या. "मरी हुई माँ की साड़ी कोई काटता है? हैं? किसने कहा था काटने को?"

"हमारे यहाँ बच्चे को बड़ों का पुराना कपड़ा..." विनया म्हणाली. "नरम होता है, इसलिए."

"हमारे यहाँ भी," बीजी म्हणाल्या.

 बीजी ते कापलेलं टोक बोटांनी सारखं करत बसल्या, जसं काही सारखं केल्यानं गेलेला चौकोन भरून येणार होता. मग खाली बघतच म्हणाल्या, "पहले वाले के लिए मैंने भी सिया था. उसके दादाजी के कुर्ते का. पहना ही नहीं उसने."

विनया त्यांच्याशेजारी बसली.  आणि अशा वेळी तिच्यातली पुण्याची बाई जे करते तेच तिनं केलं. डबा उघडून पुढे धरला.

"ये क्या है अब?"

"तिळगूळ. आज हमारी संक्रांत है. देते समय कहते हैं, तिळगूळ घ्या, गोड बोला. मतलब तिल लो और मीठा बोलो."

बीजींनी एक लाडू उचलला, दाताखाली धरला. फुटेना. दुसऱ्या बाजूच्या दाढेनं फोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते लाडवाचं की कशाचं, कोण सांगणार?

"पत्थर है," त्या म्हणाल्या. चघळत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तिल तो ले लिया. मीठा बोलने की गारंटी नहीं है मेरी." दाराशी गेल्या, थांबल्या. ट्रंकेकडे बोट दाखवून ओरडल्या, "और ये कबाड़ खोल वापस! शाम को गोभी भेजूँगी."

किल्ली विनयाच्या हातातच होती.

दुपारी ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. पुण्यात फोन वहिनीनं घेतला, मग अविनाश आला. "तिळगूळ घे, गोड बोल," म्हणाला. "बरी आहेस ना गं? जमत नसेल तर सांग हं, मोकळेपणानं."

"जमतंय रे," विनया म्हणाली. बूथच्या काचेतून तिला आपली बिल्डिंग दिसत होती, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेली चंद्रकळा दिसत होती. बीजींनी वर बघितलं तर त्यांनाही दिसणार होती, म्हणून लवकर जाऊन आत घ्यायला हवी होती. "अविनाश, एक काम कर."

"बोल."

"तो दिवाण आता हलव."